सरासरीने पोट भरत नाही, औषधही येत नाही

दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या रांगेत, म्हणून इथे उपचार सगळ्यांना परवडतात, असं गोव्याच्या आरोग्यसेवेवरच्या एका लेखात म्हटलंय. अहो, दोनापावलच्या बंगलेवाल्याची आणि सत्तरी तालुक्यात काजू वेचणाऱ्या बाईची कमाई एकत्र करून दोनाने भागली, की दोघंही श्रीमंतच!

गोवा सरकारची 'दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना' २०१६ मध्ये आली. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाखांचं उपचारखर्चाचं कवच. योजना चांगलीच आहे, उगाच नावं ठेवत नाही. पण ते कवच रुग्ण दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांपुरतं. आधीच्या तपासण्या, रिक्षाभाडं, बुडालेली मजुरी कोण देणार? शिवाय पाच वर्षं गोव्यात राहिल्याचा पुरावा हवा. आमच्या इमारतीचं काम केलेले गवंडी दर दोन वर्षांनी साइट बदलतात, त्यांनी कुठला कागद दाखवायचा?

आणि अंतर! काणकोणहून बांबोळीचं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ, सत्तरेक किलोमीटर. आमच्या शेजारची मावशी गुडघ्यांसाठी गोमेकॉत जाते ती पहाटेची कदंब बस धरून. पिशवीत जुने एक्स-रे, केसपेपर आणि दुपारची भाजीपोळी. सोबतीला मुलगा, म्हणजे त्याचाही रोज गेला. उपचार फुकट, पण घरी येईस्तोवर हजारभर रुपये मोडलेले. ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते पणजीत खासगी डॉक्टरला संध्याकाळी सातला दाखवून साडेसातला घरी.

इस्पितळांच्या मोठ्या इमारती पुरे झाल्या आता. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात हाडांचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा तरी बसवा.