आधी आकडा, मग मोजणी

आज एका ग्रुपवर परत तसलंच ग्राफिक आलं. नवा रस्ता, प्रत्येकाची दहा मिनिटं वाचणार, रोजगार, अर्थव्यवस्थेला चालना, खाली टाळ्यांचे इमोजी. तिथे गप्प बसले, उगाच भांडण नको, पण डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितेय.

नोकरीच्या सुरुवातीला मी असल्या रस्त्यांचे आर्थिक अहवाल करणाऱ्या एका कन्सल्टन्सीत होते. एका प्रकल्पाचं फायदा-खर्च गुणोत्तर एकच्या खाली आलं, म्हणजे घातलेले पैसेसुद्धा सुटत नाहीत. सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, म्हणाले, "ट्रॅफिक ग्रोथचा सेल दाखव." एक्सेलमधला पिवळा सेल, दरवर्षी गाड्या किती टक्क्यांनी वाढतील हा अंदाज त्यात भरायचा. त्यांनी वाकून माझ्याच कीबोर्डवर दीड टक्का वाढवला, एंटर मारलं आणि खालचा लाल आकडा हिरवा झाला. "बघ, आता कसा बरा दिसतोय." आणि मीटिंगला निघून गेले.

दीड टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पुढची पंचवीस-तीस वर्षं चक्रवाढीने लावून बघा.

बरं, या अहवालांत सगळ्यात मोठा फायदा बहुतेक वेळा वाचलेल्या वेळेचा असतो. लाखो लोकांची दोन-दोन मिनिटं गोळा करायची, तासाचा रेट लावायचा, की झाले कोट्यवधी. माझी दोन मिनिटं वाचली तर मी मोबाईल बघते हो, देशाचं उत्पन्न कुठून वाढणार त्यातून? आणि वाचतात तरी का? रस्ता रुंद झाला की जे आधी टाळत होते ते पण गाडी काढतात. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद करून झाला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ लेन, आणि २०११ ते २०१४ मध्ये गर्दीच्या वेळचा प्रवास परत लांबलाच.

मग जमिनीचे भाव. वेळ वाचतो म्हणूनच तर भाव चढतात, पण अहवालात दोन्ही वेगवेगळे धरून बेरीज! एकाच पोराचे मार्क आईने सांगायचे, बापाने सांगायचे आणि म्हणायचं घरात दोन हुशार मुलं आहेत. शिवाय भाव वाढला की मालकाची चांदी, भाडेकरूचं भाडं वाढतं, ते कुठल्या रकान्यात? रोजगाराचंही तेच, जुन्या रस्त्यावरचा धंदा उठून नव्या रस्त्यावर गेला की नव्याचे मोजायचे, जुन्याचे गेले ते कोण मोजतं.

हो, मान्य, सगळेच प्रकल्प असे नसतात. नदीवर पूलच नाही तिथे पूल झाला तर एक्सेल न उघडताही कळतं. पण ते सोडून द्या, मी त्या पिवळ्या सेलबद्दल बोलतेय.

आणि तो एकट्या माझ्या सरांचा नव्हता. मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास करणारे डॅनिश संशोधक बेंट फ्लूब्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतले २१० प्रकल्प तपासले, रेल्वेच्या दहापैकी नऊ प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज फुगवलेला निघाला, सरासरी दुपटीहून जास्त. चुका खरंच चुका असत्या तर कधी वर गेल्या असत्या, कधी खाली. रेल्वेत दहापैकी नऊ एकाच बाजूला झुकतात म्हणजे पाणी कुठे मुरतंय ते कळत नाही का?

सरांवर आता तेवढा राग नाही खरं तर. माणूस वाईट नव्हता, मला कामही त्यांनीच शिकवलं. गुणोत्तर एकच्या खाली ठेवलं असतं तर पुढचं काम दुसऱ्या फर्मला गेलं असतं, आणि तिथेही पिवळा सेल असणारच की. राग याचा येतो की रस्ता सुरू झाल्यावर तो सेल परत कुणी उघडत नाही. फीत कापली, संपलं! फ्रान्सने १९८२ च्या कायद्यात लिहूनच टाकलं, मोठा प्रकल्प सुरू झाल्यावर तीन ते पाच वर्षांत आर्थिक-सामाजिक हिशोब मांडायचा आणि तो जाहीर करायचा. तिथेही सगळे अहवाल वेळेत येतात असं नाही, पण निदान मागायला कायदा तरी आहे.

ग्रुपवाल्यांनो, हे वाचत असाल तर ग्राफिक नका पाठवू. कुणाकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या रस्त्याचा अहवाल असेल तर ट्रॅफिकच्या अंदाजाचा तक्ता तेवढा इनबॉक्स करा, आज त्या रस्त्यावर किती गाड्या धावतात ते शोधून मी शेजारी लिहून टाकते.