प्रिंटके घातला की क्रॅश गायब!

पुन्हा तेच! डिस्कवर लोड टाकला आणि तासाभरात कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच कोसळून मशीन ठप्प. स्लॅब पॉयझनिंग (फ्री केलेली मेमरी सिक्स-बी या खुणेच्या बाइटने भरून ठेवणं) चालू होतं म्हणून प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये सिक्स-बी, सिक्स-बी, सिक्स-बी अशी रांग दिसली. म्हणजे फ्री झालेल्या मेमरीला कोणीतरी हात लावलाय. पण ती फ्री केली कोणी? स्टॅक ट्रेसमध्ये (क्रॅशच्या क्षणी चालू असलेल्या फंक्शन्सच्या यादीत) सापडतो तो नंतर हात लावणारा, आधीचा केव्हाच पसार! माझा संशय टाइमआउटवर आहे. ३० सेकंद झाली म्हणून डिस्कच्या ड्रायव्हरने रिक्वेस्ट सोडून दिली, तिची मेमरी फ्री केली आणि मागाहून डिव्हाइसचा "काम झालं" असं सांगणारा इंटरप्ट उगवला. हे पकडायला प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये मेसेज छापणारी ओळ) घातला की टायमिंग बदलतं, क्रॅश गायब. काढला की पुन्हा हजर! वर सल्ला काय, तर "डिस्क बदलून बघ". अरे, कमांड खरंच थांबली याची खात्री न करता मेमरी सोडायचीच कशाला?