आवडत्या गेमचं नाव नको, खूण सांगा

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी मूळ प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: माझे आजवरचे सगळ्यांत आवडते व्हिडिओ गेम मी नावं न घेता, एकेका ओळीच्या खुणेतून मांडले होते. वाचकांनी ते ओळखायचे आणि आपापल्या आवडत्या गेमच्या खुणा टाकायच्या. यावर तुमचं म्हणणं असं की हा पोरखेळ आहे. आवड सांगायची तर सरळ दहा नावं, क्रमांक आणि कारणं द्यावीत. खुणा इतक्या मोघम आहेत की त्यात कुठलाही गेम बसेल. शिवाय यादी जुनाट आहे, लहानपणीच्या आठवणींवर पोसलेली.

पोरखेळ आहे हे मान्यच. गेमबद्दलच तर बोलतोय आपण. बाकीचं मात्र मला पटलेलं नाही.

मोघमपणापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही उदाहरण दिलंत. माझी खूण होती: "हातात एक तास, आणि पुढे जायचं तर तलवार म्यान करायची." तुम्ही म्हणता, तलवारीचे गेम शेकड्यांनी सापडतील. सापडतील की! पण तलवार म्यान करून सुटणारी लढाई किती गेममध्ये आहे? 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 1989. चौथ्या लेव्हलमध्ये वाट अडवणारा एक आरसा येतो. धावत येऊन त्यातून उडी मारली की पलीकडून तुमचीच सावली बाहेर पडते आणि तुमच्याकडे जेमतेम एक जीव उरतो. पुढच्या लेव्हलमध्ये ही सावली तुमच्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन टाकते. बाराव्या लेव्हलला ती समोर तलवार उपसून उभी राहते. तुम्ही वार करता आणि जीव तुमचाच कमी होतो. पुन्हा वार, पुन्हा तेच. मग कधीतरी डोक्यात प्रकाश पडतो, तुम्ही तलवार आत घालता, तीही घालते, आणि तिच्या अंगावर चालत गेलं की दोघं एक होता. हे सगळं चालू असताना साठ मिनिटांचं घड्याळ पळतंच आहे.

ही सावली मुळात का आली तेही मजेशीर आहे. जॉर्डन मेकनर हा गेम ॲपल टू या जुन्या संगणकावर बनवत होता आणि मेमरी जवळजवळ संपली होती. नवा शत्रू काढायला जागाच नव्हती. मग नायकाचीच चित्रं किंचित सरकवून एकमेकांवर चढवली आणि त्यातून हा चमचमता जुळा तयार झाला. जागेच्या टंचाईतून आलेलं पात्र पुढे अख्ख्या गोष्टीचा कणा झालं.

आता हीच खूण मी "1989, मेकनर, ॲपल टू" अशी दिली असती तर? मोघम अजिबात नव्हती, अचूक होती. पण तिच्यातून एवढंच कळलं असतं की मला सनावळी पाठ आहे. ज्याने हा गेम कधी हातात धरला नाही तोही ती खूण लिहू शकतो आणि शोधून उत्तरही देऊ शकतो. ही सामान्यज्ञानाची परीक्षा झाली. माझ्या लेखी चांगल्या खुणेची कसोटी एकच: ती खेळलेल्यालाच लिहिता यावी आणि खेळलेल्याला वाचताक्षणी कळावी. ज्याने तो गेम खेळला नाही त्याला ती मोघम वाटणारच, त्याला माझा इलाज नाही.

आलेल्या खुणांमधली माझी लाडकी सांगतो. कुणीतरी लिहिलं होतं: "उभी दांडी येईल म्हणून कडेचा एक रकाना रिकामा ठेवलाय. ती येत नाहीये." वरून पडणारे तुकडे रचून ओळी भरायचा टेट्रिस, हे कुणीही सांगेल. पण त्या "येत नाहीये"मध्ये आणखी माहिती दडलेली आहे. जुन्या टेट्रिसमध्ये पुढचा तुकडा नशिबावर असायचा, त्यामुळे दांडी कितीही वेळ तोंड दाखवायची नाही. नंतरच्या बहुतेक आवृत्त्यांत सातही आकार पिसून एकेक करून वाटतात आणि सात संपले की पुन्हा पिसतात. तिथे दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त 12 तुकडे येऊ शकतात, त्याहून जास्त नाही. म्हणजे ज्याच्या मनात दांडीची वाट पाहण्याचा त्रागा एवढा ठसलाय, तो बहुधा जुनं टेट्रिस खेळलेला माणूस आहे. नुसतं "माझा आवडता गेम: टेट्रिस" असं लिहिलं असतं तर यातलं काय कळलं असतं?

म्हणूनच क्रमवारीचा मला कंटाळा आहे. 'ऑकरिना ऑफ टाइम' (1998) परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर 99 गुण घेऊन बसलाय, तो कुणाच्याही यादीत वरच्या नंबरात दिसला तर मी पुढे सरकतो. पण त्याच गेमबद्दल कुणी लिहिलं, "जगावर संकट आलंय आणि मी तळ्यावर गळ टाकून तळ्याच्या मालकाची टोपी उडवतोय," तर त्या माणसाशी मला तासभर बोलायचं असतं. गेम तोच, पण माणूस आता दिसला. तुम्हाला कारणं हवी होती ना? मग टोपी उडवणं हेच कारण आहे. "ग्राफिक्स काळाच्या पुढे, कथानक सशक्त" ही कारणं दुसऱ्यांच्या परीक्षणांतून उचललेली असतात, एरवी सगळ्यांची इतकी सारखी कशी निघतात?

जुनाटपणाबद्दल. लहानपणीच्या गोष्टीचं प्रेम वेगळं असतं, ते नाकारत नाही. पण माझ्या खुणांमध्ये जुने गेम जास्त येण्याचं दुसरं कारण आहे. त्यांचा सगळा जीव एका नियमात असायचा आणि नियम एका ओळीत मावतो. "जेवढे कमी उरतात तेवढे जोरात येतात": 'स्पेस इन्व्हेडर्स', 1978. पडद्यावर 55 परग्रहवासी काढताना यंत्राची दमछाक व्हायची; ते मरत गेले की काम कमी होऊन उरलेले आपोआप वेगाने हलायचे. तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं, आणि खेळ जसजसा हातात येतो तसतसा अवघड होतो ही गंमत फुकटात मिळाली. याउलट 'सॅन अँड्रियास'सारख्या मोकाट हिंडायच्या मोठ्या गेमची खूण काय देणार? दोघांनी खेळला तर दोन वेगळे गेम होतात. एक जण मिशन संपवत जातो, दुसरा सायकल घेऊन डोंगर चढतो.

अर्थात मोठ्या गेमचीही खूण होते, फक्त जास्त शोधावी लागते. "मागून फुसफुस ऐकू आली, आणि संध्याकाळभर बांधलेली भिंत गेली" हे 'माइनक्राफ्ट' आहे, त्यातला फुसफुसत येऊन फुटणारा राक्षस, हे खेळलेल्याला सांगायला लागू नये. आणि माझ्या यादीत 2018 चा गेमही होता, तुम्हाला तो ओळखू आला नाही एवढंच: "तिघांचं जुळल्याशिवाय एकाचंही बरोबर आहे हे कळत नाही." 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. जहाज परत आलंय, त्यावर जिवंत कुणी नाही, आणि 60 जणांची नावं आणि प्रत्येकाचं काय झालं ते तुम्ही वहीत भरायचं. तीन जणांचं पूर्ण बरोबर आलं की गेम ते पक्कं करतो, एकेकाचं सांगत नाही. कारण एकेकाचं सांगितलं तर माणूस तुक्के मारत बसेल. ओळखणं आणि तुक्का मारणं यांतला फरक ल्युकस पोपने गेमच्या रचनेतच बसवला. 'पेपर्स, प्लीज' हा गेम करणारा हाच.

आणखी एक. "आवड खासगी असते, ती कोडं म्हणून कशाला मांडायची," असंही तुम्ही विचारलंत. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या गटात एकदा उलट बाजूने खेळलो: गेम नाही, माणूस ओळखायचा. चिठ्ठीवर आवडता गेम लिहायचा आणि तो कुणाचा ते बाकीच्यांनी सांगायचं. एका चिठ्ठीवर 'डूम' निघाला, राक्षसांना गोळ्या घालत सुटायचा गेम. सगळ्यांनी आमच्यातल्या तापट मंडळींची नावं घेतली. तो निघाला सगळ्यांत शांत मैत्रिणीचा. भांडणात आवाज चढवला नाही कधी तिने. आम्ही कारण विचारलं तर म्हणाली, "त्यात राक्षस आपापसांत भांडतात." खरं आहे. 1993 च्या त्या गेममध्ये एका जातीच्या राक्षसाचा नेम चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला की तो तुम्हाला सोडून त्याच्यावर उलटतो. ही बाई दोघांच्या बरोबर मध्ये जाऊन उभी राहायची, गोळा सुटला की बाजूला व्हायची आणि कोपऱ्यातून बघत बसायची. आम्ही गेमवरून माणूस चुकीचा ओळखला, पण खुणेवरून विचारलं असतं तर दुसऱ्या सेकंदाला तिचं नाव घेतलं असतं. ऑफिसात ती हेच करते.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. तुम्ही जाता जाता लिहिलंत: "काही गेममध्ये मिळवायचं काहीच नसतं, फक्त कळायचं असतं, आणि एकदा कळलं की पुन्हा कितीही वेळा मेलं तरी तो गेम परत मिळत नाही. अशा गेमची खूण देताच येत नाही." मी हे दोनदा वाचलं. फक्त कळायचं असतं म्हणून आधी ओब्रा डिन आठवला, पण तुम्हाला तो ओळखू आला नव्हता, आणि त्यात आपण मरतही नाही. पुन्हा पुन्हा मरून, हातात नवं काही न मिळवता, केवळ माहितीच्या जोरावर पुढे जाणं. पहिल्या मिनिटापासून सगळे दरवाजे उघडे, फक्त ते दरवाजे आहेत हे माहीत नसणं. 'आऊटर वाइल्ड्स', 2019, दर खेपेला 22 मिनिटं. पुढचं लिहीत नाही, इथे न खेळलेले लोक वाचताहेत.

बरोबर की चूक तेवढं कळवा. बरोबर असेल तर तुमची खूण मी यादीत चढवतोय.