मेव्हणा वगळून

पाचपाखाडीतला वन बीएचके विकून घोडबंदर रोडला जायचं आम्ही ठरवलं आणि आईला सांगायच्या आत ही बातमी ब्रोकरांना कळली. लिफ्टपाशी वॉचमनच विचारू लागला, "साहेब, पार्टी पाठवू?"

पूर्वी हे सगळं तोंडी चालायचं. किल्ली वॉचमनकडे ठेवायची, बोलणी फुटपाथवर करायची आणि व्यवहार झाला की दलाली कुरकुरत द्यायची. आमच्याकडे आलेला तरुण मात्र कडक इस्त्रीचा. कार्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक, खिशात परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट. चहाचा पहिला घोट घेतला आणि त्याने बॅगेतून ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवरचा करार काढला. एक्सक्लुझिव्ह मँडेट, म्हणजे घर विकायचं काम फक्त त्याच्याकडेच, मुदत सहा महिने.

मी पेन शोधत होतो. बायको बँकेत आहे, तिने चष्मा शोधला.

"आम्ही स्वतः गिऱ्हाईक आणलं तरी तुम्हाला पूर्ण दोन टक्के?"

"हो मॅडम. मार्केटिंग आम्ही केलेलं असतं ना."

"आणि मुदत संपल्यावर तीन महिन्यांत, आधी घर बघून गेलेल्या कोणीही घेतलं तरी?"

"तेवढं प्रोटेक्शन लागतं."

घर बघून गेलेलं म्हणजे नेमकं कोण, हे करारात कुठेच नव्हतं. आमचं दार दिवसभर उघडं असतं. त्या हिशोबाने चौथ्या मजल्यावरचे काका, इस्त्रीवाला आणि वर्गणीला आलेलं अख्खं गणपती मंडळ, सगळीच त्याची गिऱ्हाइकं झाली असती.

बायकोने कॅल्क्युलेटर घेतला. नव्वद लाखांवर दोन टक्के म्हणजे १,८०,००० रुपये. वर अठरा टक्के जीएसटी, एकूण २,१२,४००. आकडा तिने मोठ्याने वाचला. आतल्या खोलीत आईची जपमाळ थांबली.

"समोरच्याकडूनही घेता?"

"तशी पद्धतच आहे, मॅडम."

"मग भाव चढवायला आमचे की उतरवायला त्यांचे?"

पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "मी डीलचा."

खरी मेख सातव्या कलमात होती. टोकन हातात पडताच निम्मी दलाली द्यायची. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की, वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. ते 'वेगळं काही' ठरवून घेण्यासाठीच तर हा कागद होता! शिवाय मुदतीचा करार सबळ कारणाशिवाय मध्येच मोडला तर भरपाई मागायची सोय कलम २०५ मध्ये आहेच. म्हणजे सहा महिने हा आमच्या घरचा जावई. आणि दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना जे सुचलं, ते आपल्याला सही करताना सुचू नये, म्हणूनच बहुधा ही कलमं एवढ्या बारीक टायपात छापतात.

घासाघीस बरीच झाली. सहाचे तीन महिने झाले, दोनाचा एक टक्का झाला, दलाली रजिस्ट्रेशनच्या दिवशी द्यायची ठरली. बघून गेलेल्यांची यादी तो मुदत संपताना लेखी देणार. यादीत नाव नाही, त्याच्यावर हक्क नाही. शेवटी बायकोने समासात पेनाने लिहिलं, 'विक्रेत्याचा मेव्हणा वगळून.' तिचा भाऊ गेल्या दिवाळीपासून हे घर घ्यायचा 'विचार' करतोय. त्याच्या विचारापायी दलाली कशाला भरायची?

"नाव आणि आधार नंबर लागेल," ब्रोकर म्हणाला.

आधार मागायला फोन केला तर मेव्हणा गहिवरलाच. "म्हणजे करारात माझं नाव घातलंत! घर मलाच द्यायचं ठरलंय तर. दलाली वाचली, आता घरातल्या घरात किती कमी करताय बोला."

आता दर रविवारी तो जेवायला येतो, हात पुसायच्या आत टेप काढतो आणि हॉल मोजतो. दर वेळी हॉल थोडा लहान भरतो आणि तेवढ्याने त्याचा भाव उतरतो. ब्रोकरला मी हे सांगितलं, तर त्याने शांतपणे डायरी उघडली आणि विचारलं, "येतात किती वाजता? साइट व्हिजिट लिहून ठेवतो."