फॉलोअर्स किती?

काल रात्रीपासून डोकं फिरलंय. वाटलं सकाळपर्यंत शांत होईन. झालो नाही, म्हणून लिहितोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

काल ठाण्यात घोडबंदर रोडला एका मैदानावर कार्यक्रम होता. स्वतःची गाणी स्वतः लिहिणारे, स्वतः वाजवणारे असे चार बँड. पाचशेचं तिकीट. आमचे दादा-वहिनी (नात्यातले नव्हेत, कोण ते पुढे सांगतो) आले होते, अर्थातच तिकीट काढून. ओळखीवर आत शिरलेले मी त्यांना आजवर पाहिलेले नाहीत. दुसऱ्या बँडबरोबर एक ढोलकीवाला होता. काय वाजवलं राव! गिटारवाले आपल्या तंद्रीत पळत सुटले होते आणि हा मागे बसून सगळ्यांना धरून ठेवत होता. तिसऱ्या गाण्यात त्याने चक्क आठ मात्रा हात मांडीवर ठेवून दिले आणि मैदान गप्प झालं.

कार्यक्रम संपल्यावर दादा स्टेजमागच्या फाटकाशी गेले. गळ्यात पट्टा अडकवलेला एक पोरगा उभा होता. दादा म्हणाले, "त्या ढोलकीवाल्यांचं नाव हवं होतं. दोन मिनिटं भेटता येईल?"

पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "मीडिया का?"

"मीडिया असं नाही, आम्ही गाण्यांवर लिहितो."

"फॉलोअर्स किती?"

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. त्यांनी खरोखर विचार केला, मनात हिशेब केला आणि म्हणाले, "हिला धरून एकशे वीस."

पोरगा हसला. शेजारचा दुसराही हसला. मग "सॉरी अंकल". मी पाच पावलांवर होतो आणि काही बोललो नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण राग त्या पोराचा जेवढा आलाय तेवढाच माझाही आलाय.

ज्यांना हे दोघे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नौपाड्यात राहतात. दादा बँकेत होते, वहिनी शाळेत गणित शिकवायच्या. 2003 पासून दर दोन महिन्यांनी एक पत्रक काढतात. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, तेवढंच. एकशे वीस झेरॉक्स. निम्म्या पोस्टाने जातात, निम्म्या हातोहात. त्यात कुठल्या तरी गॅरेजमध्ये, क्लासच्या खोलीत, गच्चीवर गाणी बसवणाऱ्या पोरापोरींबद्दल लिहिलेलं असतं. जाहिरात नाही, किंमत नाही, खालती सहीसुद्धा नाही. झेरॉक्सचे आणि तिकिटांचे पैसे घरातून जातात.

मला ते भेटले 2014 च्या जुलैमध्ये, वाशीला. सेक्टर 17 मधल्या एका इमारतीच्या तळघरात आमच्या बँडचा कार्यक्रम होता. (बँडचं नाव सांगत नाही, आता लाज वाटते.) मी बेस गिटार वाजवायचो. बाहेर धो धो पाऊस, अँप्लिफायरला अर्थिंग नाही, त्यामुळे सगळ्या गाण्यांच्या मागे एक घूंऽऽऽ चालू. मी स्टेजवरून माणसं मोजली. अकरा. त्यात दोन आमच्या ड्रमरचे आईवडील, एक वायरमन, आणि तिघं पावसापासून आडोशाला आलेले. कोपऱ्यात एक जोडपं बसलं होतं. बाईंच्या मांडीवर दोनशे पानी वही, आणि अंधारात त्या काहीतरी लिहीत होत्या. मला वाटलं, इन्कम टॅक्सचे लोक आहेत की काय.

आमची चार गाण्यांची सीडी होती, फुकट वाटत होतो. कुणी घेईना. दादांनी खिशातून शंभराची नोट काढली आणि म्हणाले, "फुकट दिलेली सीडी माणूस ऐकत नाही. घे."

आता कुणी म्हणेल, काळ बदलला, आता अशा माणसांची गरज काय. इंटरनेटवर गाणं टाकलं की यंत्रच बरोबर माणसापर्यंत पोचवतं. माझ्या ऑफिसातला एकजण हे मला दर आठवड्याला ऐकवतो. बरं, मान्य, मलाही त्या यंत्राने दोन-चार चांगली गाणी दिली आहेत. पण आमची तीच चार गाणी मी 2019 मध्ये स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपवर चढवली. मिळून तीनशे बारा वेळा वाजली आहेत, त्यातली निम्मी माझ्या आईने. आणि 2024 पासून त्यांचा नियमच आहे की बारा महिन्यांत एक हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला एक पैसा द्यायचा नाही. म्हणजे यंत्राच्या लेखी आम्ही नाहीच. तळघरात निदान अकरा तरी होतो.

आणि हा ऑफिसवाला कोण? तर जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले या इंग्लिश बँडसाठी नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमला गेलेला, हातातला लुकलुकणारा पट्टा अजून टेबलावर मिरवणारा. जा की, माझं काही म्हणणं नाही, चांगला झाला म्हणे कार्यक्रम. पण आल्यावर मला म्हणतो, "आपल्याकडे ऐकण्यासारखं काही होतच नाही रे." अरे बाबा, नेरुळपासून वाशी तीन स्टेशनं! तू कधी उतरलायस का मधे?

थोडा थांबतो. रक्तदाब वाढतोय.

त्या रात्री वाशीहून ठाण्याची शेवटची गाडी पकडली. डबा रिकामा, खिडक्यांतून पाणी आत. हे दोघे समोरच बसलेले. मला वाटलं आता कौतुक करतील किंवा सल्ला देतील. दादांनी विचारलं, "तुमच्या गायिकेच्या आडनावात वेलांटी पहिली की दुसरी?" मी म्हटलं, काय फरक पडतो? ते म्हणाले, "तिला पडेल." मग तुर्भ्यापासून घणसोलीपर्यंत त्यांनी आमच्या पाचही जणांची नावं लिहून घेतली. मिक्सरवर बसलेल्या पोराचंसुद्धा. त्या पोराचं नाव तोवर मलाही माहीत नव्हतं, आम्ही त्याला 'साउंड' म्हणून हाक मारायचो.

नावाचं वेड का, तर त्याची एक गोष्ट दादा हमखास सांगतात. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान या गायिकेने तबकड्या भरल्या तेव्हा गाणं संपता संपता ती स्वतःचं नाव पुकारायची. कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कारागिराला गाणारी कोण हे कळायला हवं. तीन मिनिटांच्या तबकडीतले दोन सेकंद तिने नावाला दिले. "आणि मागे सारंगी धरणारा?" दादा विचारतात. "त्याला कोण दोन सेकंद देणार?" कालच्या पोस्टरवर प्रायोजकांची चिन्हं ताटलीएवढी होती. ढोलकीवाल्याचं नाव मुंगीएवढंही नव्हतं.

पत्रक आलं ऑगस्टमध्ये. आमच्यावर नऊ ओळी. आयुष्यात आमच्याबद्दल छापून आलेल्या तेवढ्याच. आठ ओळी चांगल्या होत्या, त्या मला आता आठवत नाहीत. नववी अशी: "बेस वाजवणारा मुलगा स्वतःच्या बोटांकडे बघत वाजवतो, ड्रमकडे कान देत नाही."

मी तीन महिने धुमसत होतो. कोण हे टिकोजीराव? स्वतः काय वाजवतात? बँडमधल्या सगळ्यांना सांगून टाकलं की यांना पुन्हा बोलवायचं नाही. आणि मग एका रिहर्सलला, कुणाला न सांगता, मी डोळे मिटून वाजवून पाहिलं. पुढचं सांगत नाही. ड्रमर म्हणाला, "आज काय खाऊन आलायस?"

बँड 2016 मध्ये संपला. नोकऱ्या, लग्नं, नेहमीचंच. बेस कपाटावर आहे. पण आजही कुठलंही गाणं ऐकताना माझा कान आधी ड्रमकडे जातो.

आत्ता वर जाऊन वाचलं तर लक्षात आलं, मी केव्हापासून दादा-दादाच लावलंय. सगळेच असं करतात आणि मीही तेच केलं. ती नववी ओळ वहिनींची होती. मला हे गेल्या वर्षी कळलं, त्यांच्या घरी पोहे खाताना. दादा नावं, तारखा, पत्ते सांभाळतात. कान वहिनींचा आहे. लहानपणी पेटी शिकल्या, गणितामुळे मात्रा पक्क्या. कार्यक्रमात वही नेहमी त्यांच्याच मांडीवर असते. मी म्हटलं, "वहिनी, मी तुम्हाला तीन महिने शिव्या घातल्यात." त्या म्हणाल्या, "घातल्यास ना? म्हणजे वाचलंस." आणि आणखी पोहे वाढले.

असं लिहिणारी माणसं सगळीकडे असतात आणि सगळीकडे वेडीच ठरतात. प्रभातच्या चित्रपटांना संगीत देणारे केशवराव भोळे टोपणनावाने गायकांवर लिहीत होतेच की आपल्याकडे. तिकडे इंग्लंडात जॉन पील हा निवेदक 1967 पासून 2004 मध्ये जाईपर्यंत बीबीसी रेडिओवर अनोळखी पोरांच्या टेपा वाजवत राहिला. 1978 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या पोरांचं एक गाणं आवडलं, तर पठ्ठ्याने ते लागोपाठ दोनदा लावलं. आणि अमित सैगल यांनी रॉक संगीताचं मासिक 1993 मध्ये काढलं ते कुठून? मुंबईतून नाही, अलाहाबादहून! आज वांद्र्यात कॉफी पीत 'सीन' 'सीन' करणाऱ्यांनी जरा हे लक्षात ठेवा.

दादांची बाजू घेतोय म्हणून त्यांचे दोष झाकणार नाही. ऑटोट्यूनचं (आवाज यंत्राने सुरात आणायचं ते) नाव काढलं की ते तासभर थांबत नाहीत. रॅपवर त्यांनी सुरुवातीला जे लिहिलं ते चूक होतं, पुढे वहिनींनी त्यांच्याकडून चार पानांत दुरुस्ती लिहून घेतली. आणि हो, काल त्या फाटकावरच्या पोरालाही कुणीतरी वरून सांगितलं असणार, प्रत्येकाला आत सोडू नकोस. त्याचीही दिवसाची पाचशे-सातशेची नोकरी. ठीक आहे. पण हसायचं कशाला? नाही सोडायचं तर नका सोडू, नाव विचारून तरी या! आत वीस पावलांवर होता तो ढोलकीवाला.

दादा-वहिनी मागच्या गेटशी साडेअकरापर्यंत उभे होते. टेम्पो दुसऱ्याच बाजूने निघून गेला.

आज सकाळी मी फोन केला, माफी मागायला. म्हटलं, दादा, मी काल तिथेच होतो, बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "कशाबद्दल?" खरंच त्यांना कळलं नव्हतं की मी कशाबद्दल बोलतोय. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "अरे, त्याने विचारलं, मी सांगितलं. पण ते जाऊ दे, तुला त्या ढोलकीवाल्याचं नाव ठाऊक आहे का?" मागून वहिनींचा आवाज आला, "आडनाव नीट विचारा, मागच्या वेळी घोळ झाला होता."

मला माहीत नाही. उंच, सावळा, पंचविशीचा, डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं, निळा सदरा. कुणाच्या ओळखीचा असेल तर मला फोन करा. ऱ्हस्व-दीर्घासकट सांगा. रविवारी झेरॉक्सला जायचंय, आणि वहिनींनी त्याच्यासाठी बारा ओळी ठेवल्या आहेत.