मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाला स्वतःचा शेवट हवा

गेली काही वर्षं माझं वाचन जवळजवळ सगळं मालिकांचंच आहे. एकीकडे फँटसी, दुसरीकडे क्राइम. जीव दोन्हींवर सारखाच आहे, म्हणून हे कळकळीनं लिहिते आहे: मालिका कशी बांधायची हे सध्या क्राइम लिहिणाऱ्यांना फँटसी लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी चांगलं उमगलं आहे.

क्राइम मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकात एक गुन्हा घडतो, तपास होतो आणि पुस्तक मिटायच्या आत त्याचा उलगडा होतो. पुढच्या भागात जातो तो तपास करणारा माणूस, त्याच्या दुखण्यांसकट आणि नात्यांसकट. म्हणजे वाचकाच्या पदरात दर वेळी काहीतरी पूर्ण पडतं आणि त्या माणसाची ओढही लागून राहते. फँटसीत हल्ली पहिल्या पानापासून सगळंच पुढच्या भागावर ढकलतात.

रेबेका यारोसचं ‘ऑनिक्स स्टॉर्म’ घ्या. जानेवारी २०२५ मध्ये आलं, पहिल्या आठवड्यातच २५ लाखांहून जास्त प्रती खपल्या. या मालिकेचा पहिला भाग, ‘फोर्थ विंग’, मला खरोखर आवडला होता. ड्रॅगनस्वार घडवणारं विद्यालय, तिथं चुकणाऱ्याला थेट मरण, आणि जिचे सांधे जरा धक्का लागला की निखळतात अशी व्हायोलेट. तिच्या शरीराची मर्यादा प्रत्येक प्रसंगात कथेला कामी येत होती. तिसऱ्या भागात पोचेपर्यंत ती मर्यादा मागे पडली. बेटामागून बेटं पालथी घालायची, नवी नावं, नवे करार, आणि शेवटच्या काही पानांत एकदम असा धक्का की वाचकानं पुढच्या पुस्तकाची वाट बघत बसावं. पाचशेच्या वर पानं वाचल्यावर एकही गोष्ट संपल्याचं समाधान मिळू नये, हे मला वाचकावर अन्याय करणारं वाटतं.

ब्रँडन सँडरसनबद्दल लिहिताना मात्र मन दोन्हीकडे ओढलं जातं. ‘स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ २०१० मध्ये सुरू झालं आणि डिसेंबर २०२४ च्या ‘विंड अँड ट्रुथ’नं दहापैकी पहिल्या पाच पुस्तकांचं आवर्तन पुरं झालं. १३०० हून जास्त पानं, आणि कथेतला काळ अवघे दहा दिवस. कॅलाडिनचं नैराश्य त्यानं ज्या चिकाटीनं पाच पुस्तकं सांभाळलं, त्याला तोड नाही. भाला चालवणारा नायक अंथरुणातून उठू शकत नाही, आणि एक लढाई जिंकली म्हणून ते दुखणं जात नाही, हे इतक्या मोठ्या वाचकवर्गासमोर कुणी मांडलं होतं? पण या पाचव्या भागात पात्रं स्वतःच्या मनाचं विश्लेषण स्वतःच बोलून दाखवतात. याच मालिकेच्या दुसऱ्या भागात, ‘वर्ड्‌स ऑफ रेडियन्स’मध्ये, जे एका कृतीतून कळायचं त्यासाठी इथे दोन पानांचा संवाद आहे. दर थोड्या पानांनी दुसऱ्याच कथानकात उडी मारल्यामुळे कुठलाही प्रसंग तापत नाही. हे पुस्तक एक तृतीयांशानं लहान असतं तर मी ते डोक्यावर घेऊन नाचले असते.

यावर मित्रमंडळींचं एक उत्तर ठरलेलं असतं: फँटसी ही मुळात एकच प्रदीर्घ कादंबरी असते, खंडांत विभागलेली, टॉल्किननंही तेच केलं. मुद्दा बिनतोड वाटतो, पण तसा तो नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड १९५४ मध्ये छापला गेला तेव्हा पूर्ण कादंबरी लिहून झालेली होती. शेवटचा खंड पुढच्याच वर्षी वाचकांच्या हातात आला. आज पहिला भाग बाजारात येतो तेव्हा शेवट कित्येकदा लेखकाच्या टिपणवहीत असतो, किंवा तिथेही नसतो. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा भाग आणि पॅट्रिक रॉथफसच्या मालिकेचा दुसरा भाग, दोन्ही २०११ चे. त्यानंतर मुख्य कथा एका पानानंही पुढे सरकलेली नाही. त्या लेखकांना धारेवर धरणाऱ्यांत मी नाही. लिहिणं अडतं, आणि अडलेल्या माणसाला शिव्या देऊन ते सुटत नाही. माझी तक्रार रचनेबद्दल आहे. प्रत्येक खंडात काहीतरी तडीला गेलं असतं तर मधेच थांबलेली मालिकाही हातात काही ठेवून गेली असती.

आणि फँटसीत हे जमतच नाही असं नाही. रॉबिन हॉबनं १९९५ ते २०१७ या काळात एकाच जगातल्या सोळा कादंबऱ्या लिहिल्या. कुठलाही टप्पा संपला की तिथे खरोखर थांबता येतं, आणि तरी तिचा नायक फिट्झ म्हातारा होताना बघायला आपण परत जातोच. जो अ‍ॅबरक्रॉम्बीचं २०२५ चं ‘द डेव्हिल्स’सुद्धा नव्या मालिकेचा पहिला भाग आहे, पण एका चोरट्या पोरीला ट्रॉयच्या गादीपर्यंत पोचवायची कामगिरी तडीस जाते की फसते, हे त्याच पुस्तकात कळतं.

मात्र माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं ‘द टेंटेड कप’. २०२४ चं हे पुस्तक, २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम कादंबरीचा ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीतला मानाचा पुरस्कार मिळाला. सुरुवातीलाच एक लष्करी अधिकारी मेलेला सापडतो: त्याच्या शरीरातून झाड फुटून वर आलेलं आहे. दरवर्षी समुद्रातून महाकाय प्राणी येऊन साम्राज्याच्या तटबंदीवर धडकतात, आणि वनस्पती-प्राण्यांपासून केलेल्या अर्कांनी इथली माणसं स्वतःची शरीरं बदलून घेतात. तपास करणारी अ‍ॅना डोळ्यांवर पट्टी बांधून घरात बसते. तिचा साहाय्यक डिन याला पाहिलेलं काहीही विसरता येत नाही, म्हणून तो बाहेर फिरतो आणि सगळं तिच्यापुढे आणून ठेवतो. रेक्स स्टाउटच्या नीरो वुल्फ हा घरबशा गुप्तहेर आणि त्याचा साहाय्यक आर्ची गुडविन या १९३४ पासूनच्या जोडीची परंपरा इथे स्वच्छ दिसते. पण बेनेटची खरी कमाल अशी की गुन्ह्याचा उलगडा त्या जगाच्या नियमांतूनच होतो. झाड कुठलं, ते शरीरात कसं गेलं, आधी कुणाला झळ पोचली, हे शोधताना साम्राज्याचा सगळा कारभार आपल्याला आपोआप कळत जातो. माहिती सांगण्यासाठी कथा एकदाही थांबत नाही. दुसऱ्या भागात, ‘अ ड्रॉप ऑफ करप्शन’मध्ये, नवी जागा, बंद खोलीतून नाहीसा झालेला खजिन्याचा अधिकारी, आणि पुन्हा पूर्ण उलगडा. शिवाय डिनविषयीचे प्रश्न आणखी गडद झालेले. मला फँटसीकडून हेच हवं आहे.

क्राइमवालेही घसरतात, ते सांगायलाच हवं. रॉबर्ट गॅल्ब्रेथच्या स्ट्राइक मालिकेतलं ‘द रनिंग ग्रेव्ह’ मी श्वास रोखून वाचलं. खासगी गुप्तहेर स्ट्राइकची भागीदार रॉबिन एका पंथाच्या शेतावर वेषांतर करून राहते ती प्रकरणं म्हणजे दहशत कशी हळूहळू माणसाच्या मनाचा ताबा घेते याचा वस्तुपाठ आहे. त्यानंतरचं २०२५ चं ‘द हॉलमार्क्ड मॅन’ मात्र सैल आहे. चांदीच्या दुकानाच्या तिजोरीघरात सापडलेलं प्रेत नक्की कुणाचं, यासाठी इतके उमेदवार उभे केलेत की मध्यावर कोण कुणाचा कोण तेच लक्षात राहत नाही. आणि स्ट्राइक-रॉबिनमधली ताणाताणी आठव्या पुस्तकातही त्याच गैरसमजांवर चालावी, हे दोघांच्या वयाला शोभत नाही.

इयन रँकिननं हा धोका फार सुंदर टाळला. त्याचा एडिनबराचा पोलीस अधिकारी रीबस १९८७ मध्ये आला आणि खऱ्या काळाबरोबर म्हातारा होत गेला. निवृत्त झाला, फुप्फुसं निकामी होत आली. २०२४ च्या ‘मिडनाइट अँड ब्लू’मध्ये तो तुरुंगात आहे, कैदी म्हणून. आयुष्यभर ज्या पळवाटा त्यानं न्यायाच्या नावाखाली वापरल्या त्यांचा हिशेब लेखकानं माफ केला नाही. आणि तरीही तिथल्याच बंद कोठडीतल्या खुनाचा छडा त्याच पुस्तकात लागतो.

टाना फ्रेंचच्या ‘द सर्चर’ आणि ‘द हंटर’बद्दल वेगळं लिहायला हवं, इतकं त्यांत आहे. शिकागोचा निवृत्त पोलीस कॅल, आयर्लंडमधलं आडगाव, आणि हरवलेल्या भावाला शोधणारं ट्रे नावाचं हट्टी पोर. पहिल्या पुस्तकात काय झालं ते कळतं, पण त्या कळण्याची किंमत दुसऱ्या पुस्तकात, त्या कोरड्या उन्हाळ्यात, ट्रे वसूल करायला निघते. एक गोष्ट संपली म्हणून तिचे परिणाम संपत नाहीत, हे मालिकेच्या स्वरूपातच इतक्या नेमकेपणानं अलीकडे दुसऱ्या कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर ‘द टेंटेड कप’ आणि ‘द सर्चर’ घ्या, दोन्हींचे पुढचे भाग क्रमानंच वाचा. स्ट्राइक पहिल्या पुस्तकापासूनच. रीबस मात्र मधूनही चालतो, फक्त ‘मिडनाइट अँड ब्लू’ घेण्याआधी २०२२ चं ‘अ हार्ट फुल ऑफ हेडस्टोन्स’ वाचून घ्या, कारण तो तुरुंगात का गेला ते तिथे आहे.