नकाशावरचा ठिपका आणि ‘मीटरभराची’ खात्री

एखादा खून गाजला की ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: ‘फोन फॉरेन्सिकला गेला की आरोपी किती वाजता कोणत्या घरात होता ते मीटरभराच्या आत नकाशावर दिसतं. माणूस खोटं बोलेल, मशीन नाही.’ यावरून लोक कुणालाही दोषी ठरवून मोकळे होतात, म्हणून लिहितोय.

आधी ‘मीटरभर’. फोनमधून काढलेल्या नोंदीत अक्षांशाचा १८.५१९५४३२ असा आकडा असतो. दशांशानंतर सात अंक पाहून वाटतं, सेंटिमीटरपर्यंत अचूक! पण शेजारच्याच रकान्यात फोनने आपली खात्री किती तेही लिहिलेलं असतं. मोकळ्या आभाळाखाली जीपीएस असेल तर ५ मीटर, नुसत्या टॉवरवरून अंदाज असेल तर कधी १४०० मीटर. अँड्रॉइडमध्ये याचा अर्थ इतकाच, की फोन एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. शनिवारवाडा मध्य धरून १४०० मीटरचं वर्तुळ काढा. कसब्यापासून मंडईपर्यंत सगळं आत येतं. यातलं कुठलं घर? नकाशा करताना तो रकाना गाळला, की दोन्ही ठिपके सारखेच दिसतात.

‘मशीन खोटं बोलत नाही’ हे डेन्मार्कला महागात पडलं. मोबाइल कंपन्यांचा कच्चा डेटा वाचण्याजोगा करणारं पोलिसांचं सॉफ्टवेअर काही नोंदी गाळत होतं, हे २०१९ साली उघड झालं. सरकारी वकिलांनी दोन महिने हा पुरावा वापरणं थांबवलं, २०१२ पासूनची सुमारे १०,७०० प्रकरणं फेरतपासणीला काढली, आणि कोठडीतल्या ३० हून अधिक जणांना सोडावं लागलं.

हाताने होणाऱ्या चुका वेगळ्याच. अक्षांश-रेखांश उलटे पडले तर पुणं नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं, ती चूक लगेच कळते. पण एका अंशात ६० मिनिटं असतात हे विसरून १८ अंश ३१ मिनिटं, ७३ अंश ५१ मिनिटं हे कुणी १८.३१, ७३.५१ असं भरलं तर ठिपका चाळीसेक किलोमीटर दूर, तोरण्यापलीकडे सह्याद्रीत पडतो. तिथे वाटा आहेत, वस्त्या आहेत. शंका कुणाला येणार? वेळेचंही तसंच. नोंदीत बऱ्याचदा यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ असते. त्यातले १९:०० म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा, तारीखसुद्धा पुढची.

आणि ‘आरोपी कुठे होता’? नोंद फोनची असते. तो मुलाच्या हातात असेल, गाडीत राहिला असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून आलेल्या फोटोत तर पाठवणाऱ्याच्या कॅमेऱ्याचे अक्षांश-रेखांश असू शकतात.

लोकेशन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. त्याच वेळेची फास्टॅगची नोंद आणि टोलनाक्याचा सीसीटीव्ही जुळला, तर त्या ठिपक्याला कोर्टात वजन येतं. नुसत्या ठिपक्याला नाही.